फोन यंत्रणेचा कर्नल बदलण्यापूर्वीची तयारी

गेल्या हंगामात, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, मी आमच्या रत्नागिरीच्या आंबा पेढीतील फोन यंत्रणेचा लिनक्स कर्नल, म्हणजे तिच्या कार्यप्रणालीचा गाभा, अद्ययावत केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजेपर्यंत पेढीचा बाहेरचा फोन मुका होता. जो क्रमांक प्रत्येक पेटीवर छापलेला आहे तोच लागत नव्हता, आणि गाडी निघाली की नाही हे विचारायला वाशीचे अडते थेट मालकांच्या मोबाईलवर फोन करत होते. चूक माझीच होती आणि ती एकाच गोष्टीची होती: पीआरआय कार्डाचा, म्हणजे बाहेरची डिजिटल लाइन ज्यात येते त्या कार्डाचा, ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी बांधलेला (कंपाइल केलेला) नव्हता. पुढील यादीत ही गोष्ट पुन्हापुन्हा येईल. वाचणाऱ्याने कंटाळू नये.

प्रथम आपली यंत्रणा कोणत्या जातीची आहे ते पाहावे. भिंतीवरचा बंद डबा असेल, तर आतला कर्नल आपल्या हातात नसतो. त्याची सुधारणा उत्पादकाच्या फर्मवेअरमधूनच येते, आणि ती किती वर्षे येत राहील हे त्याच्याकडून लेखी घ्यावे. आमच्यासारखी साध्या सर्व्हरवर चालणारी ॲस्टेरिस्क किंवा फ्रीपीबीएक्स (फोन बोर्डाचे सॉफ्टवेअर) असेल, तर जबाबदारी आपली. त्यातही खाली सेंटओएस ७ ही लिनक्स असेल तर तिची मुदत ३० जून २०२४ रोजीच संपली आहे, तिला नवे पॅच (त्रुटींच्या दुरुस्त्या) येत नाहीत. अशा यंत्रणेसाठी ही यादी उपयोगाची नाही, तेथे थेट डेबियन १२ या दुसऱ्या लिनक्सवरच्या फ्रीपीबीएक्स १७ कडे जाण्याचे नियोजन करावे.

त्यानंतर, कर्नलमधील ज्या सुरक्षा त्रुटीसाठी हा बदल करायचा ती किती घाईची आहे हे शांतपणे ठरवावे. मी ते केले नाही. बातमी वाचली, घाबरलो आणि ऐन हंगामात हात घातला. कर्नलमधील बऱ्याच गाजलेल्या त्रुटी स्थानिक स्वरूपाच्या असतात, म्हणजे हल्लेखोर आधी साध्या वापरकर्त्याच्या अधिकाराने आत आलेला असावा लागतो आणि मग त्रुटीच्या आधारे तो रूट, म्हणजे सर्वाधिकारी, होतो. २०१६ मध्ये उघड झालेली डर्टी काऊ ही त्रुटी अशीच होती आणि ती २००७ पासून कर्नलमध्ये बसून होती. मार्च २०२२ मधील डर्टी पाइपही अशीच. फोन यंत्रणेत आत येण्याची ती पहिली पायरी बहुधा व्यवस्थापनाचे वेब पॅनेल असते. ते इंटरनेटवर उघडे ठेवलेले असेल, तर स्थानिक त्रुटी स्थानिक उरत नाही, आणि महिनाअखेरीस हल्लेखोराने परदेशी क्रमांकांवर लावलेल्या कॉलचे बिल पाहून डोळे पांढरे होतात. म्हणून पॅनेल त्याच दिवशी बंद करावे, आयएसडी लागत नसेल तर तेही बंद करून घ्यावे, आणि पॅच मात्र सवडीने, नीट तयारी करून लावावा. उलट जून २०१९ मधील सॅक पॅनिकसारखी त्रुटी, जिच्यात बाहेरून पाठवलेल्या टीसीपी (नेटवर्कवर माहिती पाठवण्याची एक पद्धत) पॅकेटांनी कर्नलच कोसळत असे, ती थांबू देत नाही. आमचे फोन यूडीपी या वेगळ्या पद्धतीवर चालतात म्हणून आम्ही सुरक्षित, असे तेव्हा कोणी म्हणाले असते तर ते चूक ठरले असते, कारण तेच वेब पॅनेल टीसीपीवर असते. त्या वेळी सॅक ही टीसीपीतली सोयच तात्पुरती बंद करून वेळ मिळवता येत होता. असा तात्पुरता उपाय आहे का, हे प्रत्येक वेळी आधी शोधावे.

आपली आवृत्ती बाधित आहे का, हे केवळ आकड्यावरून ठरवू नये. डर्टी पाइप कर्नल ५.८ पासून पुढे होती, त्यामुळे सेंटओएस ७ चा जुनाट ३.१० तिच्यातून सुटला आणि डेबियन ११ चा ५.१० सापडला. शिवाय वितरक (सेंटओएस, डेबियन यांसारख्या लिनक्स तयार करणारे) जुन्या आकड्याच्या कर्नलमध्येच नवे पॅच आणून बसवतात. तेव्हा वितरकाचे सुरक्षा पत्रक वाचावे.

आता कार्डाच्या ड्रायव्हरविषयी. पीआरआयची लाइन ज्या कार्डात येते, त्याचा डाहडी हा ड्रायव्हर कर्नलमध्ये बसणाऱ्या मॉड्यूलच्या रूपात असतो. ज्या कर्नल आवृत्तीसाठी ते बांधले तिच्याशीच ते जुळते. नवा कर्नल आला की पुन्हा बांधावे लागते, आणि त्यासाठी नेमक्या त्याच आवृत्तीच्या हेडर फायली, म्हणजे कर्नलची रचना सांगणाऱ्या फायली, लागतात. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. मी हेडर उतरवलेही होते. पण सगळीकडे जी आज्ञा लिहिलेली सापडते, तिच्यात आवृत्तीच्या जागी ‘यूनेम -आर’ घातलेले असते, आणि यूनेम सांगतो ती चालू कर्नलची आवृत्ती, येणाऱ्या कर्नलची नव्हे. रीबूट होईपर्यंत चालू कर्नल जुनाच असतो. म्हणजे मी जुन्याच कर्नलचे हेडर घेतले, जुन्याच कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा एकदा बांधला, पडद्यावर एकही चूक उमटली नाही म्हणून समाधानाने रीबूट केले. ॲस्टेरिस्क उठला, टेबलांवरचे आयपी फोन नोंदले गेले, हिशेबाच्या टेबलावरून मी गोदामात फोन लावला, पलीकडे घंटा वाजली आणि मी दिवे मालवून घरी गेलो. आतले फोन नेटवर्कवरून बोलतात, त्यांना कार्ड लागतच नाही, हे त्या वेळी डोक्यात आले नाही. सकाळी मॉड्यूल चढवणाऱ्या मॉडप्रोब या आज्ञेने सांगितले की नव्या कर्नलच्या फोल्डरमध्ये डाहडी नावाचे मॉड्यूलच नाही. कार्डामागचा रोजचा हिरवा दिवाही लागलेला नव्हता.

तेव्हा येणाऱ्या कर्नलची पूर्ण आवृत्ती कागदावर लिहून घ्यावी, हेडर त्या नावाने मागवावेत, आणि बांधणीच्या आज्ञेतही तीच आवृत्ती स्पष्ट द्यावी. बांधणी झाल्यावर, रीबूट करण्यापूर्वी, नव्या आवृत्तीच्या मॉड्यूल फोल्डरमध्ये डाहडीची फाईल खरोखर आहे का हे डोळ्यांनी पाहावे. डीकेएमएस हे मॉड्यूल पुन्हा बांधणारे साधन वापरत असाल तर हे काम ते आपोआप करते, पण हेडर नसतील तर तेही हात टेकते. म्हणून त्याच्या यादीत नव्या आवृत्तीसमोर ‘इन्स्टॉल्ड’ असे दिसते का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. जुना डाहडी नव्या कर्नलवर बांधलाच जात नाही, असेही होते, आणि ते रात्री साडेनऊला कळण्यापेक्षा आठवडाभर आधी कळलेले बरे. सिक्युअर बूट (सही तपासणारी सोय) चालू असेल, तर सही नसलेले मॉड्यूल चढत नाही, हेही तपासावे. हेडर, डाहडीचा सोर्स आणि कार्डाचे फर्मवेअर आधीच उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवावे; महामार्गाच्या कामात किंवा पहिल्या पावसात केबल तुटली की इंटरनेट कधी येईल याचा भरवसा नसतो. आगोटीची लाकडे मिरग लागल्यावर गोळा करून चालत नाहीत, तसेच हे.

वेळ कोणती निवडावी? आंब्याच्या पेढीने मार्च ते मे या काळात रीबूटचे नावही काढू नये. मासळीच्या व्यापाऱ्याला १ जून ते ३१ जुलै ही मासेमारी बंदी सोयीची, आणि हॉटेलवाल्यांनी मे, गणपती व डिसेंबर टाळावेत. पण जून-जुलैत आपल्याकडे वीज जाते आणि कर्नल बसत असताना वीज गेली तर यंत्रणा अर्धवट अवस्थेत अडकते. यूपीएसची बॅटरी नुसती हिरवी दिसते म्हणून विश्वासू नका. मुख्य बटण बंद करून ती किती मिनिटे तग धरते ते घड्याळ लावून बघा. आदल्या दिवशी वीज कंपनीच्या स्थानिक कार्यालयात दुरुस्तीसाठी पुरवठा बंद राहणार आहे का, तेही विचारून घ्यावे.

बॅकअप घ्यावा आणि तो सर्व्हरच्या बाहेर ठेवावा. आभासी मशीन (सर्व्हरच्या आत चालणारा सर्व्हर) असेल तर स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची पूर्ण प्रत, घ्यावा, आणि खालच्या यजमान सर्व्हरचाही कर्नल असतो हे विसरू नये. डिस्कवरच्या बूट विभागात, जिथे कर्नल बसतो, जागा आहे का ते पाहावे. तो भरलेला असेल तर नवा कर्नल अर्धाच बसतो. मॉनिटर व कीबोर्ड सर्व्हरला प्रत्यक्ष जोडून ठेवावा, कारण बूटच्या वेळी अडकलेल्या यंत्रणेत घरून शिरता येत नाही. मुख्य क्रमांक तात्पुरता मोबाईलवर वळवण्याची सोय लाइन देणाऱ्या कंपनीकडून आधीच करून घ्यावी. ती सकाळी नऊला मागून मिळत नाही, हे मी अनुभवले आहे. पॅच लावण्यापूर्वी लॉगची (यंत्रणेच्या नोंदींची) प्रत काढावी. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार लॉग १८० दिवस जपून ठेवायचे असतात आणि कोणी आत शिरल्याचे लक्षात आले तर ६ तासांत कळवायचे असते. कर्नल बदलण्याच्या गडबडीत नेमके तेच पुसले जाऊ नयेत.

रीबूटच्या आधी एकदा, शेवटचे: नव्या आवृत्तीच्या फोल्डरमध्ये डाहडी आहे ना? पुन्हा पाहा.

रीबूटनंतर आता ‘यूनेम -आर’ चालवावे. या वेळी ते नवी आवृत्ती सांगेल. ॲस्टेरिस्कमध्ये पीआरआयचा स्पॅन (लाइन) ‘अप, ॲक्टिव्ह’ दिसला पाहिजे. मग आपल्या मोबाईलवरून मुख्य क्रमांकावर फोन लावावा आणि बोर्डवरून मोबाईलला. आतल्या आत लावलेला फोन ही चाचणी नव्हे. आवाज दोन्ही बाजूंनी येतो का, घड्याळ बरोबर आहे का, रात्रीची सूचना वाजते का, फॅक्स जातो का, हे पाहावे. ११२ चा मार्ग सेटिंगमध्ये तपासावा, उगाच लावून त्यांना त्रास देऊ नये.

जुना कर्नल पंधरा दिवस काढू नये. बिघाड झाला तर सर्व्हर सुरू होताना दिसणाऱ्या ग्रबच्या यादीतून तोच निवडून उठवावे. त्याचा ड्रायव्हर जागेवर असल्याने लाइन पाच मिनिटांत परत येते. मला हे त्या दिवशी साडेनऊला सुचले आणि दहाला फोन वाजला. वितरक आपोआप कर्नल बदलत असेल तर ते बंद करावे, नाहीतर पुढच्या वीज खंडानंतर यंत्रणा स्वतःच नव्या कर्नलवर उठेल, ड्रायव्हरशिवाय. आवृत्ती, तारीख आणि डाहडी कोणत्या कर्नलसाठी बांधला हे कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवावे.