टूथपेस्टच्या खोक्याची एसटी

जिन्याखाली आमचा तेलाचा पत्र्याचा डबा असतो, पंधरा किलोचा. तोंड कापून कडा आत ठोकल्यात, म्हणजे पोरांचे हात चिरत नाहीत. वर्षभर त्यात संपलेल्या रिफिली, बाटल्यांची झाकणं, टूथपेस्टची खोकी, काडेपेट्या, रिळं, मेणबत्तीचे बुटके आणि जुन्या कॅलेंडरची पानं पडत राहतात. आमची मंडळी दर दिवाळीच्या साफसफाईत तो रद्दीवाल्याला द्यायला निघते आणि दर दिवाळीला आमचं त्यावरून वाजतं. मे महिन्यात लेक नातवंडांना घेऊन कराडला आली की तोच डबा पडवीत रिकामा होतो, आणि पुढचे पंधरा दिवस टीव्हीचा रिमोट कुठे गेला हे कुणी विचारत नाही.

मी एसटीच्या वर्कशॉपात ३१ वर्षं काढली. त्यामुळे माझा एकच हट्ट: खेळणं चाललं पाहिजे. शाळेत ‘टाकाऊतून टिकाऊ’चं प्रदर्शन भरतं, ते एकदा बघायला गेलो होतो. रिकाम्या बाटलीला चमकी, लेस, मोती. अडीचशे रुपयांचं सामान दुकानातून आणून चिकटवलेलं, आणि चिकटवणारी बहुतेक आईच. मग ते कपाटावर धूळ खाणार. आम्ही लहानपणी ज्वारीच्या ताटाची साल सोलून आतल्या भेंडाची बैलगाडी करायचो. तिची चाकं फिरायची. नाही फिरली तर ती गाडीच नव्हे, यावर आमच्यात कधी दुमत नव्हतं.

तर आधी गाडीच करू.

एसटी

टूथपेस्टचं मोठं खोकं घ्या, साधारण ५ सेंटिमीटर रुंदीचं. दोन्ही टोकं खळ लावून बंद करा. खळ घरचीच: दोन चमचे मैदा वाटीभर पाण्यात गुठळ्या मोडून मंद आचेवर हलवत राहायचा, पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाक आली की उतरवायची. पूर्वी खळीला कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालायचे. ते विष आहे आणि पोरं बोटं चाटतात, तेव्हा ते अजिबात नको. साधी खळ दोन दिवसांत आंबते, म्हणून लागेल तेवढीच करा.

चाकं म्हणजे पाण्याच्या बाटलीची चार झाकणं, चारही एकाच मापाची. आता खरं काम. भोक बरोबर मध्यावर पडलं पाहिजे. अर्धा सूत सरकलं तरी चाक लंगडतं, आणि लंगडं चाक कितीही रंगवलं तरी लंगडंच राहतं. बहुतेक झाकणांच्या डोक्यावर मधोमध साच्याचा बारीक ठिपका असतो, बोट फिरवलं की हाताला लागतो. नसेल तर झाकण कागदावर ठेवून गोल आखा, कापा आणि दोनदा घडी घाला. घड्या एकमेकींना छेदतात तो मध्य. कागद झाकणावर ठेवून तिथे टोच मारा. मी कर्कटक पक्कडीत धरून गॅसवर तापवतो आणि भोक पाडतो. हे मोठ्या माणसाचं काम आहे, खिडकी उघडून करायचं, प्लास्टिकचा धूर नाकात घ्यायचा नाही. भोक रिफिलीपेक्षा किंचित लहान ठेवा. रिफिल त्यात दाबूनच बसली पाहिजे.

रिफिल म्हणजे अॅक्सल, दोन चाकं जोडणारा आस. ती पूर्ण संपलेली आहे ना, ते उजेडात धरून बघा. मागच्या वर्षी धाकट्याने अर्धी भरलेली रिफिल कापली आणि नातीच्या पांढऱ्या फ्रॉकवर जो निळा नकाशा उमटला तो तीन धुण्यांतही निघाला नाही. लेक दोन दिवस माझ्याशी बेताचंच बोलत होती. टोकाचं पितळ पक्कडीने ओढून काढा आणि दोन रिफिलींमधून ८ सेंटिमीटरचा एकेक तुकडा कापा, पुढचा एक, मागचा एक.

आता बुश, म्हणजे ज्यात अॅक्सल फिरेल ती नळी. पूर्वी स्ट्रॉ चालायची. हल्ली कागदी मिळते, ती ओल्या हातांनी मऊ पडते. मी नळी घरीच करतो. रिफिलीभोवती आधी वर्तमानपत्राच्या कागदाचे दोन वेढे कोरडेच द्यायचे. त्यावर कॅलेंडरच्या जाड कागदाची ६ सेंटिमीटर रुंदीची पट्टी गुंडाळायची. पहिला वेढा बिनखळीचा, पुढचे चार-पाच खळ लावून. तासाभरात खळ ओढून येते. मग आधी रिफिल बाहेर काढा, नंतर आतला वर्तमानपत्राचा कागद चिमट्याने. त्या कागदाची जाडी जेवढी, तेवढी मोकळीक आत राहते. वर्कशॉपात आम्ही याला ‘प्ले’ म्हणायचो. प्ले नसला की अॅक्सल जाम, जास्त झाला की खडखडाट. चाक अॅक्सलवर घट्ट आणि अॅक्सल बुशात सैल, एवढं लक्षात ठेवलं तर निम्मी गाडी झाली.

खोक्याच्या पोटाला पुढच्या आणि मागच्या टोकापासून चार-चार सेंटिमीटरवर गुण्या लावून आडव्या रेघा मारा. रेघांवर दोन्ही नळ्या खळीने बसवा, वरून कागदाची पट्टी ओढून घ्या. नळी दोन्हीकडे अर्धा सेंटिमीटर बाहेर डोकावली पाहिजे, नाहीतर चाक खोक्याला घासतं. रिफिल सरकवा आणि झाकणं दाबा, पोकळ बाजू बाहेर. पोकळ बाजू आत ठेवली तर झाकणाचा काठ खोक्यावर आदळतो. नातीने पहिल्यांदा तसंच बसवलं होतं.

पाटाला एका बाजूने पुस्तक लावून उतार करा आणि गाडी सोडा. सरळ गेली तर नशीब. आमची गेली नाही.

“आप्पा, ही सारखी डावीकडंच जातीय.”

“मग मोज.”

“काय मोजू?”

“पुढच्या अॅक्सलपासनं मागच्या अॅक्सलपर्यंत. आधी डावीकडं, मग उजवीकडं.”

डावीकडे दोन मिलिमीटर कमी भरलं. ज्या बाजूला दोन अॅक्सलमधलं अंतर कमी, गाडी त्या बाजूला ओढते. खऱ्या बसचंही तसंच असतं. खळ ओली असेतोवर नळी सरकवता येते, म्हणून पट्टी पक्की करण्याआधीच ही चाचणी घ्या.

गुळगुळीत फरशीवर झाकणं घसरतात. पंक्चरवाल्याकडे फुटकी सायकलची ट्यूब मागा, तो फुकट देतो. कात्रीने बोटभर रुंदीची कडी कापून झाकणावर चढवा. थोडी ताणावी लागते आणि एकदा बसली की निघत नाही. हा झाला टायर.

रंग कोणता, यावर आमच्याकडे भांडण झालं. धाकट्याला लालपरीच हवी होती. नातीला मी सांगितलं की १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली, तेव्हा ती लाल नव्हती, निळी आणि वरून चंदेरी होती. झालं, तिला तीच हवी. चंदेरी कागद आणायला दुकानात जावं लागत नाही. ज्यूसचं रिकामं खोकं उलगडून, साबणाने धुऊन वाळवा, आतली बाजू चांदीसारखी चकचकते. तेच छत. निळ्यासाठी तिने तिच्या रंगपेटीतला रंग लावला. टूथपेस्टच्या खोक्याच्या गुळगुळीत बाजूवर पाण्याचा रंग धरत नाही, हे तिला स्वतःलाच कळलं. मग खोक्यावर आधी वर्तमानपत्राचा एक थर खळीने चिकटवला.

रिळाचा रणगाडा

हा माझ्या लहानपणचा. तेव्हा शिलाई मशीनची रिळं लाकडी होती आणि दोन्ही कडांना ब्लेडने खाचा पाडायचो. आता रिळं प्लास्टिकची असतात, खाचा पाडत बसू नका, सायकलच्या ट्यूबच्या दोन बारीक कड्या कडांवर चढवा.

रिळाच्या भोकातून रबरबँड ओवा. एका बाजूला त्याच्या फासात काडेपेटीची अर्धी काडी अडकवा आणि ती फिरू नये म्हणून टेपने रिळाला चिकटवा. दुसऱ्या बाजूला मेणबत्तीची चकती हवी, पेरभर जाड, मधोमध भोक पाडलेली. मेणबत्ती गार असताना कापली तर तुकडे उडतात, म्हणून सुरी गरम पाण्यात बुडवून कापा. रबर चकतीतून बाहेर काढून त्या फासात उदबत्तीची संपलेली काडी किंवा पेन्सिल घाला, एक टोक बरंच लांब बाहेर ठेवून. लांब टोक तीस-चाळीस वेळा गरागरा फिरवा आणि जमिनीवर ठेवा.

तो पळत नाही, रांगतो. मजा त्यातच आहे. काडीचं टोक जमिनीला टेकून अडतं, म्हणून रबराचा पीळ रिळाला फिरवत सुटतो; आणि मेण हे वॉशरचं काम करतं, पीळ एकदम सुटू देत नाही. चकती न घालता करून बघा, दोन उसळ्या मारून थंड पडेल. धाकट्याने ताटाखाली वह्या ठेवून घाट केला. दोन वह्यांच्या उंचीवर रणगाडा चढला, तिसरीवर उलटला. मग त्याने लांब काडी घातली.

आमच्या या सगळ्या खटाटोपाची चर्चा निघाली की कुणीतरी अरविंद गुप्तांचं नाव घेतंच, आणि घ्यावंच. आयआयटी कानपूरचा इंजिनियर माणूस. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारातल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी वर्षानुवर्षं कचऱ्यातून खेळणी करून दाखवली, २०१८ ला पद्मश्री मिळाली. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी जोडून करायचं त्यांचं काम मी नातवंडांसमोर दरवर्षी करतो. नळीचे इंचभर तुकडे, त्यात काड्या. चौकोन करा, बोटाने ढकललं की तो कलतो. त्रिकोण करा, तो हलत नाही. बसच्या सांगाड्यात तिरक्या पट्ट्या कशाला असतात हे मी मोठ्या माणसांना समजावून थकलो होतो. नातीला अर्ध्या मिनिटात कळलं.

डब्यात काय येऊ द्यायचं नाही

औषधाच्या बाटल्या, कीटकनाशकाचे डबे, स्प्रेचे डबे, फुटके बल्ब आणि ट्यूबलाइट नाहीत. घड्याळातले बटणासारखे सेल तर घरात दिसू द्यायचे नाहीत. पोराने गिळला तर थेट दवाखाना गाठायचा, वाट बघायची नाही. तीन वर्षांच्या आतलं मूल घरात असेल तर झाकणांची गाडी त्याच्या हाती नको, झाकण घशात अडकतं. त्याच्यासाठी दुधाच्या पावडरचा मोठा डबा, आत मूठभर चिंचोके आणि वरून झाकण पक्कं चिकटवलेलं. वाजवू दे.

लगद्याचा बैल

हे खातं मंडळींचं. बेंदराला मातीचे बैल पूजतात, तिच्या माहेरी मात्र एक लगद्याचाही असायचा. बेंदूर आषाढात येतो, पण बैल मे महिन्यातच करावा लागतो, कारण पावसाळी हवेत लगदा वाळत नाही, बुरशी धरतो.

वर्तमानपत्राचे बारीक तुकडे दोन दिवस पाण्यात भिजत घालायचे, पाणी रोज बदलायचं. कॅलेंडरचा गुळगुळीत कागद इथे चालत नाही. मग पिळून खलबत्त्यात कुटायचे. मिक्सरला लावलं तर मिक्सर बिघडतो, आमचा बिघडलाय. पाव किलो कागदाला वाटीभर मेथ्या रात्री भिजवून, वाटून घालायच्या. मेथ्यांचा चिकटपणा कागदाला धरून ठेवतो आणि कडूपणामुळे कीड लागत नाही, असं तिची आई सांगायची. लगदा कणकेसारखा मळायचा. हाताला चिकटला तर पाणी जास्त आहे, फडक्यात घालून पिळा.

अख्खा बैल लगद्याचा केला तर आतून कधीच वाळत नाही. म्हणून पोटात वर्तमानपत्राचा सुतळीने आवळलेला गोळा, पायांना खराट्याच्या जाड काड्या आणि वर लगद्याचा बोटाच्या पेराहून कमी थर. वशिंड शेवटी चढवायचं, नाहीतर ओल्या पाठीवरून ते घसरतं आणि बैलाचा उंट होतो. शिंगं वेगळी वाळवून मग बसवा.

दोन दिवस सावलीत, मग गच्चीवर उन्हात, रोज कूस बदलून. वरून कोरडा दिसला तरी फसू नका. पोट गालाला लावून बघा. गार लागलं तर आत अजून ओल आहे, रंगाचा डबा उघडू नका.