एन्व्हलप फिल्टर लावा, पण खर्ज जाऊ देऊ नका

एन्व्हलप फिल्टर म्हणजे तार छेडण्याच्या जोरानुसार उघडमीट करून 'वाँव' असा आवाज काढणारं पेडल. बेस गिटारसाठी पहिला घेतला तेव्हा आठवडाभर रात्री हेडफोन लावून मी त्याचा सराव केला. मग तालमीला गेलो. दुसऱ्याच गाण्यात ड्रमर थांबला आणि म्हणाला, "अरे, बेस कुठे गेला?" त्याचं खरं होतं. 'वाँव' छान ऐकू येत होता, पण त्याखालची जमीनच नाहीशी झाली होती.

चूक माझ्या निवडीत होती. ते पेडल गिटारसाठीचं, बँड-पास पद्धतीचं होतं, म्हणजे मधला पट्टा ठेवून वरचं आणि खालचं कापणारं. बेसची मोकळी ई तार साधारण 41 हर्ट्झला वाजते, ती पहिली जाते. म्हणून पेडलवर लो-पास, म्हणजे खालचं ठेवून वरचं कापणारा प्रकार, असेल तर तोच लावा. नसेल तर मूळ आवाज सोबत मिसळता आला पाहिजे. एमएक्सआर कंपनीच्या एम82 या बेससाठीच्या पेडलवर 'ड्राय' (मूळ आवाज) आणि 'एफएक्स' (फिल्टरचा आवाज) असे दोन वेगळे नॉब आहेत. मी आधी ड्राय पुरेसा उघडतो, मग एफएक्स हळूहळू चढवतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा नॉब, सेन्स. तुम्ही तार किती जोरात छेडली हे सर्किट मोजतं आणि तेवढाच फिल्टर उघडतं. 1972 मधल्या म्यु-ट्रॉन 3 या एन्व्हलप फिल्टरमध्ये हे काम प्रकाशावर चालायचं: छेड जोरात, तर आतला दिवा प्रखर. फंक संगीतातला बेसवादक बूट्सी कॉलिन्स याच्या बेसवर तो ऐका. फिल्टर बोटांनीच वाजतो, हे लगेच कळेल.

सेन्स शून्यावर आणा. कार्यक्रमात जितक्या जोरात वाजवाल तितक्याच जोरात एक स्वर छेडा. फिल्टर पूर्ण उघडेपर्यंत सेन्स वाढवा आणि थांबा. आता हलक्या स्वराला तो अर्धवटच उघडला पाहिजे. घरी दबक्या हाताने लावलेला सेन्स स्टेजवर फसतो, कारण तिथे प्रत्येक स्वराला फिल्टर सताड उघडतो आणि हालचालच उरत नाही. बेस बदलला, विशेषतः पॅसिव्हवरून अ‍ॅक्टिव्हवर (आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेल्या बेसवर) गेलात, तर हे सगळं पुन्हा करा.

क्यू, म्हणजे फिल्टरचा टोकदारपणा ठरवणारा नॉब, मध्याच्या खालीच ठेवा, नाहीतर एखादा स्वर उसळून बाहेर पडतो. जलद लयीत डिके, म्हणजे फिल्टर परत मिटायला लागणारा वेळ, आखूड हवा.

कॉम्प्रेसर (आवाजाची पातळी एकसारखी करणारं पेडल) फिल्टरच्या नंतर लावा. आधी लावला तर जोर आणि हळुवारपणा यांतला फरक पुसला जातो, आणि फिल्टर जगतो त्याच फरकावर. ऑक्टेव्ह (सप्तकभर खालचा किंवा वरचा स्वर जोडणारं पेडल) मात्र आधी. फझ (आवाज खरखरीत करणारं पेडल) हाही आधी लावायला मला आवडतो, कारण फिल्टरला कापायला भरपूर वरचे स्वरांश मिळतात. पण फझसुद्धा जोर सपाट करतो, म्हणून तेव्हा स्वरांमध्ये मोकळ्या जागा सोडून वाजवा. फ्लॅटवाउंड (गुळगुळीत) तारांवर परिणाम फिका पडतो, नव्या राउंडवाउंडवर (खडबडीत, उजळ आवाजाच्या तारांवर) खुलतो.

शेवटची तपासणी हेडफोनवर नको. मी लांब केबल लावून ड्रमच्या मागे जाऊन उभा राहतो. तिथे किक ड्रमबरोबर (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) खर्ज ऐकू आला की नॉबच्या कडेला पांढऱ्या रंगाची खूण करतो.