लिनक्समध्ये एखादा ड्रायव्हर खरोखर किती मेमरी खातो, ते कसं मोजायचं

'एलएसमॉड' ही कमांड चालवली की मॉड्यूलच्या, म्हणजे कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) लोड केलेल्या ड्रायव्हरच्या, नावापुढे बाइट्समधला एक आकडा येतो. पुष्कळ जण तोच ड्रायव्हरचा मेमरी वापर म्हणून रिपोर्टात टाकतात. पण तो मॉड्यूलचा कोड आणि त्याचा स्थिर डेटा एवढ्यांचाच असतो. ड्रायव्हर चालू झाल्यावर जे बफर (डेटा ठेवायच्या जागा) आणि रिंग (त्या बफरांच्या गोल फिरणाऱ्या याद्या) मागून घेतो, त्यातलं काहीच त्यात नसतं. नेटवर्क कार्डाचं मॉड्यूल तिथे काही शे केबीचं दिसतं आणि प्रत्यक्षात शंभरेक एमबी अडवून बसलेलं असतं.

मोजायच्या आधी कागदावर हिशोब मांडा. समजा नेटवर्क कार्डाला १६ क्यू (पॅकेटांच्या रांगा) आहेत, प्रत्येकाच्या आरएक्स (येणाऱ्या पॅकेटांच्या) रिंगमध्ये ४०९६ डिस्क्रिप्टर (बफर कुठे आहे ते सांगणाऱ्या नोंदी) आणि दर डिस्क्रिप्टरला २०४८ बाइटचा बफर. एका क्यूचे झाले ८ एमबी, सगळ्यांचे १२८. डिस्क्रिप्टर स्वतः १६ बाइटचा धरला तर सगळ्या रिंगा मिळून जेमतेम १ एमबी होतो, तो किरकोळ. पण ड्रायव्हर दर बफरला ४ केबीचं अख्खं पान (कर्नल मेमरी वाटतो तो ठरावीक तुकडा) देत असेल, तर १२८ चे २५६ होतात. क्यूंची संख्या 'इथटूल' या कमांडच्या लहान एल पर्यायाने कळते, रिंगची लांबी लहान जी पर्यायाने.

आता ही मेमरी दिसते कुठे? प्रॉक या कर्नलची माहिती देणाऱ्या फोल्डरमधली मेमइन्फो फाइल उघडा. केमॅलॉकने (कर्नलमध्ये लहान तुकडे देणारं फंक्शन) घेतलेली मेमरी बहुतेक 'एसअनरिक्लेम' या ओळीत येते, व्हीमॅलॉकची (सुटी पानं जोडून मोठा तुकडा देणारं फंक्शन) 'व्हीमॅलॉक यूज्ड'मध्ये. पण ड्रायव्हरने पेज अलोकेटरकडून (अख्खी पानं वाटणारा कर्नलचा भाग) थेट उचललेली पानं कुठल्याही ओळीत येत नाहीत. 'मेमफ्री' घटलेली दिसते, बस. नेटवर्क आणि ग्राफिक्स ड्रायव्हरांची मोठी रक्कम नेमकी याच खात्यावर असते, म्हणून सगळ्या ओळींची बेरीज करूनही हिशोब जुळत नाही.

प्रॉकमधलीच व्हीमॅलॉकइन्फो ही फाइल त्यामानाने सरळ आहे. दर ओळीत पत्ता, साइझ, मागणाऱ्या फंक्शनचं नाव आणि चौकटी कंसात मॉड्यूल. ती वाचायला रूट (प्रशासकाचा अधिकार) लागतो. साइझची आंधळी बेरीज मात्र करू नका. 'आयओरिमॅप' लिहिलेल्या ओळी म्हणजे कार्डाचे रजिस्टर किंवा त्याची स्वतःची मेमरी. त्यात तुमची रॅम एक बाइटही जात नाही. ग्राफिक्स कार्डाची २५६ एमबीची खिडकी अशीच चुकून रॅममध्ये मोजली जाते आणि मग बैठकीत तासभर वाद चालतो. ज्या ओळीत 'पेजेस' दिलंय तेवढीच घ्या आणि त्या संख्येला पानाच्या साइझने गुणा, कारण साइझच्या रकान्यात सहसा एक गार्ड पानही (हद्दीसाठी सोडलेली रिकामी जागा) मिसळलेलं असतं.

स्लॅबइन्फो ही फाइल केमॅलॉकसारख्या लहान तुकड्यांचा हिशोब देते, पण तिच्यात दोन अडचणी. केमॅलॉक ठरावीक मापांत मेमरी देतो, त्यामुळे ५२० बाइट मागितले तरी १०२४ चा तुकडा मिळतो आणि ५०४ बाइट वाया जातात. शिवाय सारख्या मापाच्या कॅशे (एकाच मापाच्या तुकड्यांचे साठे) कर्नल एकत्र करतो, म्हणून ड्रायव्हरने नाव देऊन बनवलेली कॅशे यादीत सापडतच नाही. बूट करताना 'स्लॅब नोमर्ज' हा पर्याय द्या, की ती वेगळी दिसू लागते.

कर्नल ६.१० किंवा पुढचा असेल तर काम बरंच सोपं होतं. २०२४ मध्ये त्यात अलोकेशन प्रोफायलिंग, म्हणजे कोडच्या कुठल्या ओळीने किती मेमरी मागितली ते मोजायची सोय, आलं. कर्नल बांधताना तो पर्याय चालू असला पाहिजे आणि बूट ओळीत 'व्हीएम' गटातलं 'मेम प्रोफायलिंग' हे सिसकंट्रोल (कर्नलची सेटिंग) १ केलेलं हवं. मग प्रॉकमधली अलॉकइन्फो फाइल दर ओळीला बाइट, अलोकेशनांची संख्या, सोर्स फाइल, ओळ क्रमांक, मॉड्यूल आणि फंक्शन देते. मॉड्यूलच्या नावाने गाळा, पहिला रकाना बेरजेला घ्या. हे नंतर चालू केलंत तर आधीची अलोकेशनं मोजली जात नाहीत. आणि ड्रायव्हरने पेज पूल (पुन्हा वापरायच्या पानांचा साठा) किंवा एसकेबी (कर्नल पॅकेट ज्यात ठेवतो ती रचना) वापरले असतील, तर ती मेमरी कर्नलच्या नेटवर्क कोअरच्या फाइलींच्या नावावर पडते, ड्रायव्हरच्या नाही.

म्हणून शेवटी फरकच मोजावा लागतो. मॉड्यूल काढून टाका, सिंक करून (डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहून) प्रॉकमधल्या ड्रॉप कॅशेस फाइलमध्ये ३ लिहा म्हणजे कर्नलचे कॅशे रिकामे होतील, मेमइन्फोची नोंद घ्या. मॉड्यूल लोड करा, पुन्हा नोंद. इथेच थांबलात तर फसाल: बरेच ड्रायव्हर आरएक्स बफर इंटरफेस अप (चालू) केल्यावर घेतात, लोड होताना नाही. तेव्हा अप करा, नोंद. भरपूर ट्रॅफिक सोडा, नोंद. डाउन करून मॉड्यूल काढा, नोंद. ही फेरी निदान तीनदा करा. पहिल्या फेरीनंतर थोडं शिल्लक राहिलं तर घाबरू नका, सीपीयूनिहाय याद्या आणि स्लॅब काही पानं धरून ठेवतात. दर फेरीला तेवढीच भर पडत गेली तर ती गळती. केमेमलीक हे गळती शोधणारं कर्नलचं साधन लावा, पण थेट घेतलेली पानं त्याला दिसत नाहीत. त्यांच्यासाठी 'पेज ओनर' चालू करून बूट करा आणि डिबगएफएस या कर्नलच्या डीबग फोल्डरमधली त्याच नावाची फाइल पाहा; तिथे दर पानामागचा स्टॅक (ते मागणाऱ्या फंक्शनांची साखळी) मिळतो.

ग्राफिक्स ड्रायव्हरासाठी प्रोसेसच्या एफडीइन्फोमधल्या (तिने उघडलेल्या फाइलींची माहिती) 'डीआरएम'ने सुरू होणाऱ्या ओळी वाचा. दोन प्रोसेसनी वाटून घेतलेला बफर तिथे दोन्हीकडे दिसतो, बेरीज करताना तो एकदाच धरा.

रिपोर्टात नुसता आकडा नको. नमुना असा: कर्नल ६.१२, पान ४ केबी, क्यू १६, रिंग ४०९६, एमटीयू (पॅकेटची कमाल साइझ) १५००. लोडनंतर ३ एमबी वाढ, अपनंतर १३१, काढल्यावर तिसऱ्या फेरीत ०.४. पानाची साइझ आवर्जून द्या, कारण काही आर्म मशीनवर ती ६४ केबी असते आणि सगळं गणित बदलतं. मेमइन्फोतला केबी १०२४ बाइटचा आहे, हेही लक्षात असू द्या.

पाठवण्यापूर्वी एक ताळा घ्या. इथटूलच्या मोठ्या जी पर्यायाने आरएक्स रिंग ५१२ वर आणा आणि पुन्हा मोजा. १२८ एमबीचा भाग १६ च्या आसपास उतरायला हवा. उतरला नाही, तर ती मेमरी रिंगच्या बफरांत नाहीच. पेज पूल आणि ड्रायव्हरची फ्लो टेबलं (कुठलं पॅकेट कुठे पाठवायचं त्याचे तक्ते) तपासायला घ्या.