बारा बोअर बंदूक न्यायची असंल तं नीट बांधा

इलेक्शन आलं की पोलीस ठाण्यातून फोन येते, बंदूक जमा करा. आपल्याकडं पीक संरक्षणाचं लायसन असलेले लोक काय करतात तं बंदूक युरियाच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळतात अन् मोटरसायकलवर आडवी धरून नेतात. मीबी मागं तसंच केलं होतं. दोन-अडीच महिन्यांनी परत आणली तं नळीवर पोत्याच्या विणीचा छापा उठलेला, तांबूस चौकोन चौकोन, लय घासलं पण अजून पुरता गेला नाही.

आता आधी बंदूक रिकामी करा. तोंड मोकळ्या जमिनीकडं, बोट घोड्यापासून (म्हणजे चापापासून) दूर, मधातून उघडा अन् दोन्ही नळ्यांत उजेडात पाहा, वरून करंगळी घालून चाचपा. घरची बंदूक आहे, मले माहीत आहे रिकामी आहे, असं म्हणू नका, रात्री रोही (नीलगाय) हाकलाले जागलीवर पोरगा घेऊन गेला असंल अन् तशीच आणून ठेवली असंल तं? घोडा दाबून चेक करणं तं बिलकुल नाही. काडतुसं वेगळ्या डब्यात, वेगळ्या पिशवीत.

डबल बॅरल असंल तं सुटी करूनच न्या. नळीखालचं लाकूड काढा, उघडून नळ्या कुंद्यापासून (मागच्या लाकडी दस्त्यापासून) सोडवा, मग ते लाकूड परत नळ्यांलेच बसवून टाका, नाहीतर ते हमखास हरवते. अख्खी बंदूक लांब पडते अन् एसटीत कोणाचा पाय पडला का कुंदा पकडीपाशी, जिथं लाकूड बारीक असते तिथंच तडकते.

मग पुसणं. घामाच्या हाताचे ठसे सुद्धा गंज धरतात, म्हणून कोरड्या फडक्यानं पुसून बंदुकीच्या तेलाचा पातळ हात फिरवा. चपचप नाही, जास्तीचं तेल कुंद्यात मुरून लाकूड मऊ पडते. नळ्या अन् कुंदा वेगवेगळ्या सुती कापडात गुंडाळा, जुनं धोतर बेस्ट. फोम, गोणपाट, चामड्याचं कव्हर हे ओल धरून ठेवतात, पावसाळ्यात तं विचारूच नका. पेटीत ठेवायची असंल तं नवीन बूट-चपलेच्या डब्यात येते ती सिलिका जेलची पुडी टाका. नळ्या अन् कुंदा एकमेकाले लागू देऊ नका, मधात कापडाची घडी ठेवा.

पार्सलनं पाठवायच्या भानगडीत पडू नका. स्वतः न्या, ओरिजिनल लायसन खिशात ठेवून. दुरुस्तीसाठी नागपूरले न्यायची असंल तं लायसनवर कुठवर चालते ते आधी वाचा, जिल्ह्यापुरतं असंल तं परवानगी काढल्याशिवाय निघू नका.

जमा करताना पावतीवर मेक अन् नंबर लिहून घ्या, तो नंबर बंदुकीवरच्या नंबराशी तिथंच उभं राहून जुळवा. निघायच्या आधी नळी, कुंदा, कुठं ओरखडा आहे त्याचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा. माझ्याकडं फोटो नव्हते, त्यामुळं तो छापा आधीपासूनच होता असं मले ऐकावं लागलं.