पीएचपीमध्ये नेहमी लागणारा डेटा कॅश कसा करावा

पीएचपीची स्क्रिप्ट दर रिक्वेस्टला कोरी पाटी घेऊन बसते. स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये ठेवलेलंसुद्धा पान पाठवून झालं की पुसलं जातं. त्यामुळे मेनू, सेटिंग्ज, कॅटेगरींची यादी असा क्वचितच बदलणारा डेटाही प्रत्येक हिटला डेटाबेसमधून नव्याने येतो. तो कॅश करायचा, म्हणजे एकदा आणून हाताशी जपून ठेवायचा. (ओपीकॅश चालू आहे ना, असं म्हणू नका. ते कंपाइल झालेला कोड जपतं, तुमचा डेटा नाही.)

आधी एका पानाला किती क्वेरी (डेटाबेसला केलेल्या विचारणा) लागतात ते मोजा. नुसत्या स्लो क्वेरी लॉगवर (ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेळ घेणाऱ्या क्वेरींची नोंद) विसंबू नका. 2 मिलिसेकंदांची क्वेरी 50 वेळा चालली तरी ती तिथे दिसत नाही.

मग कॅश ठेवायची जागा ठरवा. सर्व्हर एकच असेल तर एपीसीयू (मेमरीत डेटा ठेवणारं पीएचपीचं एक्स्टेन्शन) पुरतं. त्याची शेअर्ड मेमरी मुळात 32 एमबी असते आणि पीएचपी-एफपीएम (साइटसाठी पीएचपी चालवणारी सेवा) रीस्टार्ट केलं की रिकामी होते. कमांड लाइनची मेमरी वेगळी असते, हे मला उशिरा कळलं. क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कमांड लाइनवर चालणाऱ्या कामातून, कॅश पुसत होतो आणि साइटवर जुनाच मेनू दिसत होता, त्यात अर्धा दिवस गेला. सर्व्हर अनेक असतील तर मेमकॅश्ड किंवा रेडिस हा सगळ्यांना मिळून वापरता येणारा कॅश सर्व्हर घ्या. रीस्टार्टनंतरही डेटा हवा असेल तर रेडिसच, कारण ते डिस्कवर लिहू शकतं.

यातलं काहीच इन्स्टॉल करता येत नसेल तर साधी जेसन (डेटा मजकुरात लिहायचा एक प्रकार) फाइलही चालते. फक्त त्या फाइलवर थेट लिहू नका, नाहीतर त्याच क्षणी वाचणाऱ्याला अर्धवट जेसन मिळेल. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने पूर्ण फाइल लिहा आणि मग रीनेम करा. वाचणाऱ्याला एकतर जुनी फाइल मिळते नाहीतर नवी.

आता कोड. आधी कॅशमध्ये बघा, नसेल तर डेटाबेसमधून आणा, कॅशमध्ये ठेवा आणि परत करा. एपीसीयू न सापडल्यावर फॉल्स देतं, म्हणून फॉल्स ही व्हॅल्यू ठेवायची असेल तर फेच या वाचायच्या फंक्शनचं दुसरं आर्ग्युमेंट तपासा, त्यात सापडलं की नाही ते कळतं.

कॅशमधला डेटा किती वेळ टिकावा ती मुदत सेकंदांत द्या. मेमकॅश्डमध्ये 30 दिवसांपेक्षा, म्हणजे 25,92,000 सेकंदांपेक्षा मोठा आकडा दिला तर तो युनिक्स टाइमस्टॅम्प (1 जानेवारी 1970 पासून मोजलेले सेकंद) धरला जातो. ती तारीख 1970 सालातली निघते आणि एंट्री ठेवताक्षणीच बाद होते.

शेवटी, ॲडमिनमध्ये मेनू सेव्ह होतो तिथेच कॅशमधली त्याची की (ज्या नावाने तो ठेवला ती नोंद) डिलीट करा. मुदत संपायची वाट बघायला लावलंत, तर 'बदल दिसत नाही' म्हणून फोन तुम्हालाच येणार.