जुन्या जीपला परवडणारं इंजिन कसं निवडावं

सातारा-सांगली पट्ट्यात जुन्या फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर मिळणाऱ्या गाड्या अजून कामावर आहेत. पाटण-कोयनेकडच्या वाड्यावस्त्यांवर महिंद्राची एमएम ५४० जीप दिसते, शिराळ्याच्या बाजूला मारुतीची जिप्सी दिसते, तर जत-आटपाडीकडे कुणाच्या शेतावर जुनी सीजे जीप अजून पाण्याची टाकी ओढत असते. यातल्या बऱ्याच गाड्यांची चॅसी धड असते, ॲक्सल दणकट असतात, दम गेलेला असतो तो इंजिनाचा. मग मालक विचारतो, स्वस्तात कुठलं इंजिन बसेल?

माझं उत्तर असं, की इंजिनाची किंमत आणि इंजिन बदलण्याचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या बाजारात इंजिन स्वस्त मिळतं. पैसा जातो तो ते गिअरबॉक्सला जोडण्यात, माउंटिंग बनवण्यात, रेडिएटर, वायरिंग आणि सायलेन्सरमध्ये. माझा हिशेब सरळ आहे: जेवढ्याला इंजिन घ्याल, निदान तेवढेच पैसे बाकीच्या कामासाठी बाजूला असतील तरच काम काढा. नाहीतर गाडी गॅरेजच्या दारात उभी राहते, पावसाळा येतो आणि उघड्या चॅसीवर गंज चढतो.

आधी काम ठरवा, मग ताकद बघा

लोक बीएचपी, म्हणजे इंजिनाची एकूण ताकद विचारतात. डोंगरातल्या गाडीला आधी विचारायचा तो टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, आणि तो किती आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर मिळतो ते. एक उदाहरण घ्या. जिप्सीचं १२९८ सीसीचं एमपीएफआय पेट्रोल इंजिन ८० बीएचपीचं, पण टॉर्क १०३ न्यूटन मीटर, तोही इंजिन बरंच फिरल्यावर, ४५०० आरपीएमला. थार डीआयचं २५२३ सीसीचं डिझेल इंजिन अवघं ६३ बीएचपीचं, पण टॉर्क १८० च्या वर आणि तो खालच्या आरपीएमला. चिखलात, दगडगोट्यांत, भरलेली गाडी घेऊन चढायचं असेल तर दुसरं इंजिन शांतपणे ओढतं. हलकी गाडी, मोकळा माळ, अधूनमधून हायवे असं काम असेल तर पेट्रोलचं हलकं इंजिन बरं, कारण डिझेलचं लोखंडी वजन पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर येतं आणि चिखलात गाडीचं नाक रुतवतं.

महिन्यातून एकदा डोंगरात जाणाऱ्याला आणि रोज शेतावर जाणाऱ्याला एकच इंजिन योग्य ठरत नाही. हे कागदावर लिहून काढा: वजन किती वाहायचं, चढ किती, हायवेवर किती धावायचं.

पाना हातात घेण्याआधी कागद

हे काम सगळ्यांत शेवटी केलं जातं, म्हणून सगळ्यांत जास्त नडतं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवर नोंदलेल्या, कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल मालकाला स्वतःच्या मर्जीने करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं, त्यात परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

म्हणून गाडी एमएच-११ असो, एमएच-१० असो की कराडची एमएच-५०, आधी आपल्या आरटीओत अर्ज द्या आणि लेखी उत्तर घ्या. त्याच कंपनीचं, त्याच इंधनाचं, त्याच प्रकारचं इंजिन असेल तर वाट सगळ्यांत सोपी. कंपनी, क्षमता किंवा इंधन बदलणार असाल तर परवानगी हातात आल्याशिवाय बयाणासुद्धा देऊ नका. १५ वर्षं झालेल्या खासगी गाडीचं दर पाच वर्षांनी पुन्हा पासिंग होतं, तेव्हा इंजिन नंबर आरसीशी ताडून बघतात. नोंद नसेल तर तिथेच अडकाल. विमा कंपनीलाही कळवा.

आपल्याच घराण्यातलं इंजिन शोधा

स्वस्त निवडीचं खरं गमक इथे आहे. एमएम ५४० मध्ये प्यूजोच्या परवान्याखालचं २११२ सीसीचं एक्सडीपी ४.९० डिझेल होतं. त्याचे सुटे भाग आता शोधावे लागतात. महिंद्राचंच २५२३ सीसीचं डीआय इंजिन मात्र कमांडर, मार्शल, बोलेरो आणि पुढे थारमध्येही आलं. त्याचे लायनर-पिस्टन, गॅस्केट, पंपाचे भाग जवळपास कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतात आणि ते उघडलेला मिस्त्रीही मिळतो. हे इंजिन मेकॅनिकल पंपाचं आहे, संगणक नाही, सेन्सरची भानगड नाही. घाटमाथ्यावर अडलं तरी डिझेलची हवा काढून, पाइप बघून चालू करता येतं. आमच्या भागासाठी मी पहिली पसंती यालाच देतो.

एक सावधगिरी. बोलेरो बहुतेक फोर बाय टू, म्हणजे दोनच चाकांना जोर मिळणाऱ्या असतात. त्यांच्या गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस (जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा डबा) बसत नाही. नुसतं इंजिन घेतलं तर बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच), फ्लायव्हील, क्लचप्लेटचे दाते आणि पायलट बेअरिंग आपल्या गिअरबॉक्सशी जुळतंय का, ते दोन्ही वस्तू शेजारी ठेवून बघा. फोर बाय फोर गाडीचा इंजिन, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस असा पूर्ण संच मिळत असेल तर चार पैसे जास्त द्या. लेथवाल्याकडून ॲडॅप्टर प्लेट बनवून घेता येते, पण तिचा मध्य केसभर जरी सरकला तरी गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग लवकर जातं.

जिप्सीवाल्यांना मारुतीच्याच ‘जी’ (G) मालिकेतल्या इंजिनांत राहता येतं. जुन्या एस्टीमचं १६ व्हॉल्व्हचं १२९८ सीसी इंजिन हा कमी खर्चाचा मार्ग. ताकद वाढवायची तर जुन्या बलेनो सेडानचं १५९० सीसीचं जी१६बी. ही दोन्ही इंजिनं मूळ गाडीत आडवी बसवलेली असतात, जिप्सीत उभी, म्हणून संप (इंजिनाखालची ऑइलची टाकी), इनटेक (हवा आत घेणारा भाग) आणि माउंटिंगची ब्रॅकेटं जिप्सीच्या मांडणीप्रमाणे करावी लागतात. क्षमता वाढत असल्यामुळे बलेनोच्या इंजिनाला वरची परवानगीची अट अधिक कडक लागू होते.

कॉमन रेल, म्हणजे संगणकाच्या हुकमावर डिझेल फवारणाऱ्या इंजिनाचा मोह अनेकांना होतो. त्याच प्रकारच्या थार सीआरडीईचं १०५ बीएचपी आणि २४७ न्यूटन मीटर कुणाला नको? पण त्याबरोबर ईसीयू (इंजिनाचा संगणक), पूर्ण वायरिंग, ॲक्सिलरेटर पेडल, इमोबिलायझर, इंटरकूलर, डिझेलची वेगळी लाइन हे सगळं त्याच गाडीचं लागतं. यातली एक वायर कमी पडली तरी इंजिन स्टार्टच होत नाही. अपघातग्रस्त पूर्ण गाडी कागदपत्रांसह मिळत नसेल तर कमी बजेटवाल्याने यात पडू नये.

फुटपट्टी आणि गणित

संप पुढे खोल आहे की मागे, हे बघा. पाटे दबले की पुढचा ॲक्सल वर येतो आणि संपाला लागतो. गाडी जमिनीवर, वजनासह उभी असतानाच हे माप घ्या. पंखा आणि रेडिएटरमधली जागा, स्टिअरिंग बॉक्स आणि सायलेन्सरमधलं अंतर, पुढच्या-मागच्या प्रोपेलर शाफ्टची लांबी हेही त्याच वेळी लिहून ठेवा.

पेट्रोलवरून डिझेलवर जाताना ब्रेकचा विसर पडतो. पेट्रोल इंजिनाच्या इनटेकमधून ब्रेक बूस्टरला व्हॅक्यूम मिळतो. डिझेलमध्ये तो नसतो, त्याला वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, बऱ्याचदा तो अल्टरनेटरवरच असतो. तो नसलेलं इंजिन बसवलं तर यवतेश्वरच्या घाटातून उतरताना पेडल दगडासारखं कडक होईल. जीव धोक्यात घालणारी चूक आहे ही.

आता ॲक्सलचं गणित. सीजे ३बी चं गुणोत्तर ५.३८, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट ५.३८ वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. टायरचा घेर साधारण सव्वादोन मीटर धरा. वरचा गिअर थेट असेल, म्हणजे इंजिनाच्या एका फेऱ्याला शाफ्टचाही एकच फेरा, तर ३००० आरपीएमला चाक मिनिटाला ५५८ वेळा फिरतं, म्हणजे वेग ताशी ७५ किलोमीटर. पेट्रोल इंजिन याहून वर फिरतं, जुनं डिझेल फारसं फिरत नाही. म्हणजे हायवेवर ट्रकही मागे टाकून जातील. तेच गुणोत्तर ४.२७ असेल तर ९५ चा वेग मिळतो, पण दगडांतून हळू सरकण्याची ताकद तेवढी कमी होते. शेत आणि डोंगर हेच काम असेल तर ५.३८ ला हात लावू नका, पैसे वाचतील.

इंजिन घेताना

सुटं, धुऊन रंगवलेलं इंजिन घेऊ नका. चालू करून दाखवणाऱ्याकडून घ्या, आणि थंड असताना चालू करायला सांगा. गरम करून ठेवलेलं इंजिन दोष लपवतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड किंवा गॅस्केटचा संशय घ्या. ऑइल भरायचं झाकण काढा. तिथून जोरात फुत्कार येत असेल तर रिंगा गेल्या. शक्य असेल तर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब मोजून घ्या. आकडा किती यापेक्षा चारही एकमेकांच्या जवळ आहेत का, हे जास्त महत्त्वाचं.

आणि पावती. ज्या गाडीतून इंजिन निघालं तिचे कागद, विकणाऱ्याची सहीची पावती, त्यावर इंजिन नंबर. नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला तर तिथून निघा, भाव कितीही पाडून देत असले तरी.

बसवल्यावर

रेडिएटर मूळ गाडीचाच ठेवण्याचा आग्रह धरू नका, इंजिनाबरोबर त्याचा रेडिएटर घ्या. जत-आटपाडीच्या उन्हात लहान रेडिएटर टिकत नाही. कोयनेच्या खोऱ्यात चालवायची असेल तर हवेचं तोंड बॉनेटच्या वरपर्यंत न्या. ओढ्यातलं पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

चाचणी टप्प्याटप्प्याने घ्या. पहिले काही दिवस गावातच, मग भार न घेता घाट, मग भारासह. सातारकरांना यवतेश्वर जवळ आहे. वर पोचल्यावर लगेच इंजिन बंद करू नका, टेम्परेचरचा काटा बघत दोन मिनिटं चालू ठेवा, खाली वाकून ऑइल-कूलंट गळतंय का बघा, माउंटिंगचे बोल्ट पुन्हा आवळा. मात्र तिथून पुढे कास पठारावर गाडी रस्ता सोडून उतरवायची नाही. ते जागतिक वारसा स्थळ आहे आणि तिथल्या पातळ मातीवरून एकदा चाक गेलं की फुलं यायला फार वेळ लागतो. चांदोली-कोयनेचं जंगल व्याघ्र प्रकल्पात आहे, तिथेही नाही. स्वतःचं शेत किंवा मालकाची परवानगी असलेला माळ चाचणीला पुरेसा आहे.