विंडोज एक्सपीवर नोटपॅड प्लस प्लस घालायला निघताय? सीडी घेतली का?

खानापूर, निपाणीकडे पतसंस्थेत किंवा मंडळाच्या खोलीत एक्सपीचं मशीन अजून चालतं. त्यावर मराठी-कन्नड लिहायला नोटपॅड प्लस प्लस हा एडिटर (साधा मजकूर लिहायचं सॉफ्टवेअर) घालायचं असेल तर पिशवीत पहिल्यांदा एक्सपीची सीडी टाका. इन्स्टॉलर नंतर. मागच्या खेपेस नेमकी सीडीच राहिली आणि एडिटर व्यवस्थित बसूनही अक्षरांच्या जागी नुसते चौकोन आले.

कारण साधं आहे. देवनागरी आणि कन्नड जुळवणारा भाग एक्सपीत आपोआप बसलेला नसतो. त्याच्या फायली सीडीवरच्या आय३८६ फोल्डरमधून घ्याव्या लागतात. मंगल फॉन्ट दुसऱ्या मशीनवरून उचलून आणला तरी भागत नाही: पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर जाऊन बसते, जोडाक्षरांचे पाय मोडलेले दिसतात. म्हणून सीडीच. जुन्या ड्राइव्हची लेन्स ऐनवेळी दगा देते, तेव्हा आय३८६ आख्खं फोल्डर पेनड्राइव्हवरही उतरवून घ्या. एक जीबी पुरे.

पेनड्राइव्ह फॅट३२ मध्येच फॉरमॅट करा. एक्सफॅट असेल तर एक्सपीला वेगळ्या अपडेटशिवाय तो वाचताच येत नाही. इन्स्टॉलर ७.९.२, ३२-बिट. एक्सपीवर चालणारी ही शेवटची आवृत्ती, त्यापुढची आणून उपयोग नाही. ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर डाउनलोड करा. एक्सपीतला इंटरनेट एक्सप्लोरर आजच्या बहुतेक सुरक्षित साइट उघडत नाही, तिथे बसून प्रयत्न करण्यात वेळ घालवू नका. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड अगोदर फोन करून विचारा. बॅकअप घ्या, यूपीएस आहे ना तेही बघा.

तिथे गेल्यावर एडिटरला हात लावू नका. कंट्रोल पॅनल, रिजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स, लँग्वेजेस टॅब. खाली दोन चौकटी आहेत. वरच्या ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’वर टिक करा, तिला १० एमबी जागा लागते. खालची ईस्ट एशियन म्हणजे चिनी-जपानीची, २३० एमबी खाते, ती आपली नव्हे. घाईत तिच्यावरच टिक पडते, नीट बघा. ओके केलं की मशीन सीडी मागतं. आणि एकदा सांगतो, इथेच मागतं, आणि सीडी नसेल तर काम इथेच थांबतं. मशीनवर सर्व्हिस पॅक नंतर चढवलेला असेल तर एखादी फाइल सीडीवर सापडत नाही. तेव्हा विंडोज फोल्डरातल्या सर्व्हिसपॅकफाइल्समधलं आय३८६ दाखवा. मग रीस्टार्ट.

त्याच टॅबवर डिटेल्समध्ये जाऊन मराठी आणि कन्नड, दोन्ही कीबोर्ड जोडा. डावा ऑल्ट आणि शिफ्ट दाबून भाषा बदलते. दोन्ही इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांच्या प्रमाण मांडणीचे आहेत आणि त्यात एका उच्चाराला दोन्ही लिप्यांत एकच बटण असतं, म्हणजे मराठीचा हात बसला की कन्नडसाठी वेगळं पाठांतर नको. सीमाभागात ही मोठीच सोय आहे. तक्ता छापून न्या, टाइप करणाऱ्याचा हात बहुधा श्रीलिपी नाहीतर कन्नडच्या नुडी या टायपिंग सॉफ्टवेअरवर बसलेला असतो.

आता इन्स्टॉलर चालवा. ऑटो-अपडेटरची टिक काढा, नेक्स्ट, नेक्स्ट. प्रेफरन्सेसमध्ये न्यू डॉक्युमेंटचं एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ करा. ॲन्सी राहिलं आणि देवनागरी मजकूर तसाच सेव्ह झाला, तर त्याची प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत अक्षरं होत नाहीत. श्रीलिपी-नुडीच्या जुन्या फायली गिचमिड दिसतील. त्या फॉन्टच्या सांकेतिक लिपीत आहेत, एन्कोडिंग बदलून सुटणाऱ्या नव्हेत. हात लावू नका.

स्टाइल कॉन्फिगरेटर, डिफॉल्ट स्टाइल, मंगल, १४. कन्नड फाइलसाठी तुंगा.

‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ टाइप करून बघा (ऱ्या साठी शिफ्ट-जे, डी, स्लॅश, मग काना). सेव्ह करा, बंद करा, पुन्हा उघडा. चौकोन आले तर सीडीच्या पायरीवर परत जा. सीडी आणली आहे ना?